मरणाच्या दारात खरेच सारे आयुष्य डोळ्यांसमोरून सरकते का?

१८७१ साली स्वित्झर्लंडमधील झेंटिस पर्वताच्या बर्फाळ उतारावरून खाली येत असताना आल्बर्ट हाइम या तरुण भूगर्भशास्त्रज्ञाची टोपी वाऱ्याने उडाली. ती धरण्यासाठी त्यांनी हात पुढे केला, तोल गेला आणि ते कड्यावरून सुमारे २० मीटर खाली बर्फावर जाऊन आदळले. ते वाचले, आणि त्या काही क्षणांत मनात काय काय येऊन गेले ते त्यांनी पुढे बारकाईने लिहून ठेवले. चष्मा काढून फेकला पाहिजे, नाहीतर काचा डोळ्यांत घुसतील, असा विचार आधी आला. हातातली काठी धरून ठेवावी की सोडावी याचाही विचार झाला. पाच दिवसांनी द्यायचे आपले पहिले व्याख्यान आता होणार नाही हे जाणवले आणि आपल्या मृत्यूची बातमी घरच्यांना कशी कळेल हेही दिसले. त्यानंतर काहीशा अंतरावर रंगमंच असावा आणि त्यावर आपलेच सारे आयुष्य एकेका प्रवेशातून सादर होत असावे, तसे त्यांना दिसू लागले. त्या नाटकातले मुख्य पात्र तेच होते आणि पाहणारेही तेच होते. भीती मुळीच वाटली नाही, असे ते सांगतात.

घाटात मोटारसायकल घसरून थोडक्यात वाचलेला माणूस आपल्याकडे सहज म्हणतो, ‘एका क्षणात सगळा जीवनपट डोळ्यांपुढून गेला.’ अनेकदा ती बोलण्याची रीत असते आणि प्रत्यक्षात आठवलेले असते ते घरी वाट पाहणाऱ्या लेकराचे तोंड. पण हाइम यांचे वर्णन बोलण्याची रीत म्हणून सोडून देता येत नाही. पुढची वीस-एक वर्षे त्यांनी गिर्यारोहक, छपरावरून पडलेले कामगार, युद्धात जखमी झालेले सैनिक अशा मरता मरता वाचलेल्यांच्या हकिगती गोळा केल्या आणि १८९२ मध्ये स्विस अल्पाइन क्लबच्या वार्षिकात त्यावर लेख प्रसिद्ध केला. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास तेथून सुरू झाला, असे मानायला हरकत नाही.

हाइम यांच्याही कितीतरी आधीची एक नोंद आहे. वाऱ्याचा वेग शून्य ते बारा अशा पायऱ्यांत मोजण्याची जी पद्धत आजही ‘बोफर्ट मापनश्रेणी’ म्हणून दर्यावर्दींना ठाऊक आहे, ती तयार करणारे ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट हे अठराव्या शतकाच्या अखेरीस, अगदी कोवळ्या वयात, पोर्ट्समथ बंदरात बुडता बुडता वाचले होते. लहानशी होडी जहाजाला बांधण्याच्या प्रयत्नात ती कलंडली आणि ते पाण्यात पडले. त्यांना पोहता येत नव्हते. काही काळ धडपड केल्यावर अंगातले त्राण संपले, आणि त्याच क्षणी मनातली घालमेल थांबून विलक्षण शांतता पसरली. पुढे विल्यम वोलास्टन या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितले की, प्रथम हा अपघात, त्याचा वडिलांवर होणारा आघात आणि ते घरातल्या इतरांना ही वार्ता कशी सांगतील हे मनात आले. मग आठवणी उलट्या क्रमाने मागे मागे जाऊ लागल्या: नुकतीच झालेली सफर, त्याआधीचा सागरप्रवास आणि जहाज फुटल्याचा प्रसंग, शाळा, शाळेत वाया घालवलेला वेळ, बालपणीचे खेळ. प्रत्येक प्रसंगासोबत आपले बरोबर होते की चुकले याची जाणीवही येत होती. हे सारे घडायला दोन मिनिटेही लागली नसावीत, असा त्यांचा अंदाज होता.

या दोन्ही नोंदी मी मुद्दाम विस्ताराने सांगितल्या, कारण त्या सिनेमाच्या जन्माआधीच्या आहेत. लुमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात पहिल्यांदा दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे ‘आयुष्याचा चित्रपट डोळ्यांसमोरून सरकला’ हे आजचे वर्णन हाइम यांना सुचणे शक्यच नव्हते, म्हणून त्यांनी रंगमंचाची उपमा वापरली. अनुभव सिनेमामुळे निर्माण झाला नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. मात्र माणूस तो अनुभव आपल्या काळाच्या आणि आपल्या मुलखाच्या शब्दांत मांडतो, हेही यावरून दिसते, आणि या विषयात कोणत्याही हकिगतीचे वजन ठरवताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

आता हा अनुभव किती जणांना येतो, ते पाहू. सर्वसाधारण समज असा की, मरताना तो प्रत्येकालाच येत असावा. प्रत्यक्षात तसे दिसत नाही. नेदरलँड्समधील हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हान लोमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रुग्णालयांतील अशा ३४४ रुग्णांचा अभ्यास केला, ज्यांचे हृदय बंद पडले होते आणि ज्यांना उपचारांनी परत आणण्यात आले होते. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ३४४ पैकी ६२ जणांना, म्हणजे १८ टक्के रुग्णांना, त्या काळातले काही ना काही आठवत होते: शांतता, प्रकाश, बोगदा, दिवंगत नातलग. आयुष्याचा आढावा मात्र त्या ६२ पैकी केवळ आठ जणांनी सांगितला. ३४४ मधले आठ म्हणजे शंभरातले दोन-तीन. उरलेल्यांना काहीच अनुभव आला नाही, असेही यावरून म्हणता येत नाही. आठवणी साठवणारा मेंदूचा भाग ऑक्सिजनच्या अभावाने सर्वांत आधी इजा होणाऱ्या भागांपैकी आहे, त्यामुळे अनुभव येऊनही पुसला गेला असणे शक्य आहे. आणि जे परतलेच नाहीत त्यांना विचारण्याची सोय नाही. आपल्यापाशी जे काही आहे ते वाचलेल्यांचे आहे.

आपल्या देशातला पुरावा तर फारच बोलका आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी तितकी होत नाही, याचे मला वाईट वाटते. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेत काम केलेल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतील इयान स्टीव्हन्सन यांनी भारतातील अशा १६ हकिगती अभ्यासून १९८६ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत यमदूत येऊन माणसाला घेऊन जातात, एका वहीवाल्या पुरुषासमोर उभे करतात, वहीत पाहिल्यावर चुकीच्या माणसाला आणल्याचे उघड होते आणि त्याला परत पाठवले जाते. पाश्चात्त्य हकिगतींत आढळणारी, आपले आयुष्य आपणच चित्ररूपाने पाहण्याची गोष्ट येथे आढळत नाही. आयुष्याची नोंद असते, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत असते आणि ती वाचणाराही दुसराच असतो. चित्रगुप्ताची वही लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला मरणाच्या दारात हिशेबाची वही दिसावी आणि युरोपातल्या माणसाला रंगमंच किंवा चित्रफीत दिसावी, यात नवल नाही. मुळात मेंदूत काहीतरी सारखेच घडत असेल आणि त्याला रूप देताना प्रत्येक जण आपापल्या संस्कारांतले साहित्य वापरत असेल, किंवा घडतेच वेगवेगळे असेल. या १६ हकिगतींच्या जोरावर यांपैकी एक बाजू ठामपणे घेणे मला योग्य वाटत नाही.

येथे गीतेच्या आठव्या अध्यायाचा उल्लेख हटकून होतो. अंतकाळी मनुष्य ज्या भावाचे स्मरण करीत देह सोडतो, त्या भावाला तो जातो, असे तेथे सांगितले आहे आणि म्हणूनच सर्वकाळ ईश्वराचे स्मरण ठेवावे, असा त्यापुढचा उपदेश आहे. अंतकाळी नाम मुखी यावे या आपल्याकडच्या इच्छेमागे हाच विचार आहे. परंतु मरताना काय ‘दिसते’ याचे ते वर्णन नव्हे. जन्मभर ज्याची सवय लावली तेच शेवटी आठवेल, अशी ती साधनेची शिकवण आहे, आणि तिला मेंदूविज्ञानाचा पुरावा म्हणून पुढे करणे हे दोन्हींवर अन्याय करणारे आहे.

आता मूळ प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. ‘चित्रपट सरकतो’ असे म्हणताना आपण नकळत असे गृहीत धरतो की, मेंदूत कुठेतरी आयुष्याची सलग चित्रफीत गुंडाळून ठेवलेली आहे. स्मृतीचे काम तसे चालत नाही. एखादा प्रसंग आठवतो तेव्हा त्यातले दृश्य, आवाज, वास, जागा आणि भावना असे मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेले तुकडे त्या घटकेला एकत्र जुळवले जातात. कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग ही जुळवाजुळव करण्यात महत्त्वाचे काम करतो, ग्रंथालयातल्या सूचीने कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते सांगावे तसे. म्हणून तीच आठवण दर वेळी थोडी वेगळी येते, काही गळते, काही नव्याने चिकटते. जी फीत मुळात अस्तित्वातच नाही ती सरकणार कशी?

सलग फीत असावी, असे एके काळी मोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटले होते. कॅनडातील माँट्रियलचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड हे अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना, रुग्ण जागा असतानाच, मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा अगदी सौम्य स्पर्श करीत. त्या वेळी काही रुग्णांना एकाएकी जुने गाणे ऐकू येई, ओळखीच्या माणसांचे आवाज येत, एखादा प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखे वाटे. पण १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सविस्तर आढाव्यात, मेंदूच्या कानशिलाकडील भागात अशी तपासणी झालेल्या ५२० रुग्णांपैकी फक्त ४० जणांना असा अनुभव आल्याचे नोंदवले आहे, आणि त्यांचे अनुभवही तुटक, स्वप्नासारखे होते. तरीही एक गोष्ट पेनफिल्ड यांच्यामुळे पक्की झाली: बाहेर काहीही घडत नसताना, केवळ मेंदूचा एखादा भाग चाळवला गेल्याने, जिवंत वाटणारी आठवण उसळून येऊ शकते.

ज्यांना हा अनुभव आला त्यांच्या तोंडूनही ‘सलग फीत’ ऐकायला मिळत नाही. जेरुसलेममधील शहार आर्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा सात व्यक्तींच्या दीर्घ मुलाखती घेतल्या होत्या. बालपणापासून आजपर्यंत असा सरळ क्रम त्यांत क्वचितच होता. आठवणी एकात एक मिसळत होत्या, कधी सगळ्या एकाच वेळी समोर असल्यासारख्या वाटत होत्या आणि काळाचे भानच उरले नव्हते. काहींना तर आपण ज्यांना दुखावले त्यांचे दुःख त्यांच्या बाजूने जाणवले. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण बोफर्ट यांनी सांगितलेल्या ‘बरोबर की चूक’ या जाणिवेशी तो जुळतो, आणि या दोन वर्णनांत दोन शतकांचे अंतर आहे.

मग एवढे सारे दोन-चार सेकंदांत कसे मावते? याचे उत्तर शोधताना डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग उपयोगी पडतो. त्यांनी स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून, दोरीशिवाय, पाठ जमिनीकडे करून खाली जाळ्यात सोडले. आपले पडणे किती वेळ चालले, असे नंतर विचारले तेव्हा दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा स्वतःचे पडणे सरासरी ३६ टक्के जास्त लांबल्याचे त्यांनी सांगितले. पण पडताना त्यांच्या मनगटावर एक छोटा पडदा बांधला होता आणि त्यावरचे आकडे इतक्या वेगाने बदलत होते की, एरवी ते वाचता येत नाहीत. काळ खरोखर संथ झाला असता, तर पडताना ते वाचता यायला हवे होते. ते कुणालाही जमले नाही. म्हणजे त्या क्षणी डोळ्यांचा किंवा मेंदूचा वेग वाढत नाही. जिवावर बेतले की, मेंदूतील अमिग्डला हा भीतीशी निगडित भाग सतर्क होतो आणि आठवणी नेहमीपेक्षा दाट नोंदल्या जातात. नंतर मागे वळून पाहताना त्या दाटपणामुळे तो क्षण लांबलचक वाटतो. हाइम म्हणतात की, त्या काही सेकंदांत जे जाणवले ते सांगायला कितीतरी पट वेळ लागेल. आज आपण म्हणू शकतो की, त्या लांबीचा निदान काही भाग पडताना नव्हे, तर पडून झाल्यावर तयार झाला असावा.

कारणाबद्दल दोन मते प्रामुख्याने मांडली जातात. मेंदूला ऑक्सिजन मिळेनासा झाला की, एरवी आठवणींना दाबून ठेवणारी, निवडून सोडणारी यंत्रणा सैल पडते आणि आठवणींचा लोंढा सुटतो, असे एक मत. दुसरे मत असे की, आपण आता मरणार अशी खात्री पटताच मन स्वतःला त्या प्रसंगापासून अलग करते, त्रयस्थ होते आणि बाहेरच्या असह्य वास्तवाकडून आतल्या आठवणींकडे वळते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ रसेल नॉइस यांनी १९७० च्या दशकात रॉय क्लेटी यांच्यासमवेत अशा अनेक हकिगती तपासल्या, आणि मृत्यू अटळ आहे असे ज्यांना त्या क्षणी वाटले होते त्यांच्यात हे अनुभव अधिक आढळले. आपण पाहिलेली दोन उदाहरणे शेजारी ठेवली तरी पहिल्या मताची मर्यादा कळते. बोफर्ट पाण्याखाली होते, त्यांच्या मेंदूला ऑक्सिजन खरोखर कमी पडत होता. हाइम मात्र डोंगरावरच्या मोकळ्या हवेत होते आणि अजून त्यांना खरचटलेही नव्हते. तरीही दोघांना आपले आयुष्य दिसले. तेव्हा एकच कारण सगळीकडे लावता येणार नाही.

अलीकडे या विषयाची जी बातमी सर्वदूर पोहोचली ती २०२२ मधली. कॅनडातील व्हँकुव्हर येथे ८७ वर्षांचे एक गृहस्थ पडले, मेंदूभोवती रक्तस्राव झाला, शस्त्रक्रिया झाली आणि नंतर त्यांना झटके येऊ लागले. झटक्यांचे निदान करण्यासाठी डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणाऱ्या यंत्राच्या, तारा लावल्या असतानाच त्यांचे हृदय बंद पडले. अशा रीतीने, कुणाच्याही मनात नसताना, मरणाऱ्या माणसाच्या मेंदूची सुमारे ९०० सेकंदांची नोंद हाती आली. अजमल झेम्मर, राउल विसेंते आणि सहकाऱ्यांनी त्यातले हृदय थांबण्याच्या आधीचे ३० आणि नंतरचे ३० सेकंद बारकाईने तपासले. इतर लहरींच्या तुलनेत गॅमा लहरींचा वाटा वाढलेला त्यांना दिसला. गॅमा म्हणजे सेकंदाला साधारण तीसपेक्षा अधिक वेळा होणारी, मेंदूतल्या असंख्य पेशींची एका तालातली हालचाल. निरोगी माणूस लक्ष देतो, स्वप्न पाहतो किंवा काही आठवतो तेव्हाही ती दिसते. तेवढ्यावरून जगभर मथळे झळकले की, मरताना आयुष्य आठवते हे सिद्ध झाले.

ते सिद्ध झालेले नाही. बंद घराच्या खिडकीत दिवा लागलेला दिसला, तर आत वीज आहे एवढे कळते. आत कुणी जुना अल्बम चाळत आहे, की दिवा नुसताच जळतो आहे, हे रस्त्यावरून कळत नाही. शिवाय त्या गृहस्थांच्या मेंदूला इजा झालेली होती, झटके आले होते, झटक्यांवरची औषधे चालू होती, आणि अभ्यासाला रुग्ण एकच होता. संशोधकांनीही आयुष्याच्या आठवणीची शक्यता केवळ सुचवली होती. मिशिगन विद्यापीठातील जिमो बोर्जिगिन यांच्या गटाला २०१३ मध्ये नऊ उंदरांत, हृदय थांबल्यानंतरच्या पहिल्या ३० सेकंदांत, अशाच लहरींची उसळी दिसली होती. त्याच गटाने २०२३ मध्ये व्हेंटिलेटर काढलेल्या चार बेशुद्ध रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा चौघांपैकी दोघांत ती आढळली. मरणारा मेंदू एकदम विझून जात नाही, शेवटच्या टप्प्यात त्यात काही काळ सुसूत्र हालचाल असू शकते, एवढे यावरून म्हणता येते आणि माझ्या मते हेही लहान यश नाही. पण त्या वेळी त्या माणसांना काय दिसत होते, हे सांगायला त्यांच्यापैकी कुणीही उरले नाही.

एका बाजूला ज्यांच्या मेंदूची नोंद आहे पण जे बोलू शकत नाहीत असे रुग्ण, आणि दुसऱ्या बाजूला हाइम-बोफर्ट यांच्यासारखे, जे सविस्तर बोलले पण ज्यांच्या मेंदूची नोंद नाही. एकाच माणसाकडून दोन्ही मिळावे, यासाठीचा मोठा प्रयत्न न्यूयॉर्कमधील सॅम पार्निया यांच्या गटाने केला. रुग्णालयात हृदय बंद पडून सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा उपचार, चालू असतानाच मेंदूच्या नोंदी घेण्याची सोय त्यांनी केली. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार ५६७ रुग्णांपैकी ५३ वाचले आणि २८ जणांची मुलाखत घेता आली. त्यांपैकी ११ जणांनी त्या काळातली काही जाणीव किंवा आठवण सांगितली. काही रुग्णांच्या मेंदूत, सीपीआर सुरू झाल्यावर तासाभरापर्यंतही, जागेपणीसारख्या लहरी मधूनमधून परतताना दिसल्या. पण अमुक रुग्णाची अमुक आठवण आणि त्याच्याच मेंदूतली अमुक लहर, अशी जोडी जुळवण्याइतकी माणसे त्या ५६७ मधूनही हाती लागली नाहीत.

त्यामुळे आज तरी वाचलेल्यांचे शब्द हाच मुख्य आधार आहे, आणि ते शब्द बहुधा सर्वांत आधी आयसीयूतल्या परिचारिकेच्या किंवा उशाशी बसलेल्या मुला-सुनेच्या कानांवर पडतात. अशा वेळी ‘काका, तुम्हाला सगळं आयुष्य दिसलं का हो?’ असे विचारले, तर थकलेला माणूस होकार देतो, आणि पुढच्या वेळी सांगताना ते चित्र त्याच्या आठवणीचाच भाग होऊन बसते. त्याऐवजी ‘काही आठवतंय का?’ एवढेच विचारावे, सांगतील ते मध्ये न बोलता ऐकावे आणि त्याच दिवशी, त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवावे.